बोलोन्याच्या पडवीत

इटली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रोमचं कलोसियम, व्हेनिसची होडी, पिसाचा कललेला मनोरा आणि तो हाताने ढकलतोय अशी पोझ देऊन उभे राहिलेले आपले काका-काकू! माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं. त्यामुळे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बॉसने केबिनमध्ये बोलावून ‘इटलीला जायचंय, सहा आठवडे’ असं सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात शॉपिंगची यादीसुद्धा करून टाकली. मग त्याने गावाचं नाव लिहिलेला कागद पुढे सरकवला. मी वाचलं, ‘बोलोग्ना’.

‘बोलोन्या,’ बॉसने सुधारलं. ‘आणि फिरायला नाही, मशीन बघायला चाललीयस.’

तर मंडळी, मी एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात आहे. गोळ्यांची ती चंदेरी पाकिटं असतात ना, टचकन फोडून गोळी बाहेर काढतो ती, ती बनवणारी मशीन्स मी सांभाळते. आणि जगातली अशी कितीतरी मशीन्स या बोलोन्याच्या आसपास तयार होतात. त्या पट्ट्याला ‘पॅकेजिंग व्हॅली’ असंच म्हणतात. आमचं नवीन मशीन तिकडे तयार झालं होतं, ते पुण्याला पाठवण्याआधी तपासून घ्यायचं होतं. थोडक्यात, इटलीला जाऊन चाकणसारख्याच शेडमध्ये उभं राहायचं. माझा चेहरा पडला.

खरं सांगायचं तर चेहरा आधीपासूनच पडलेला होता. निघायच्या महिनाभर आधी माझं आणि बाबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. रिटायर झाल्यावर काही दिवस पेपर, भाजी, बँक असं झालं. मग त्यांना नवीनच छंद लागला. औंधहून बस पकडायची आणि विद्यापीठ चौकात जाऊन उभं राहायचं. तिथले जुने उड्डाणपूल २०२० साली पाडले आणि मग मेट्रोचं आणि दुमजली पुलाचं काम सुरू झालं. हात पाठीमागे बांधून बाबा ते काम बघत बसायचे. तासन् तास! एक दिवस ऑफिसातल्या कुणीतरी त्यांचा फोटो काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, ‘पुणे मेट्रोचे मानद चीफ इंजिनिअर’. ते माझे बाबा आहेत हे त्याला माहीत नव्हतं. सगळे हसले. मीही हसल्याची स्मायली टाकली.

संध्याकाळी घरी येऊन मात्र मी बाबांवर भडकले. ‘लोक हसतात तुम्हाला. दुसरं काही काम नाही का?’ बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चौकात जाणं बंद केलं. मी विमानात बसले तेव्हा ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले होते. समोर बघण्यासारखं काहीही नसलेल्या गॅलरीत.

एक ते चार बंद!

पहिले दोन दिवस मी बोलोन्यावर जाम वैतागले होते. खोली मिळाली ती एका सत्तरी पार केलेल्या बाईंच्या घरात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाईंना इंग्रजीचा गंध नाही, मला इटालियनचा. मोबाइलमधल्या भाषांतराच्या भरवशावर आमचा संसार सुरू झाला. मी त्यांना ‘सिन्योरा’ म्हणायचे. त्या मला ‘चिन्ना’ म्हणायच्या. बोलोन्याच्या बोलीत चिन्ना म्हणजे पोरगी. आपल्या ‘चिमणे’च्या इतकं जवळचं वाटलं म्हणून मीही ते चालवून घेतलं.

बॅगेत थेपले, मेतकूट आणि इन्स्टंट नूडल्सची बारा पाकिटं होती. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. आणि बोलोन्याचं टोपणनावच मुळी ‘ला ग्रास्सा’, म्हणजे लठ्ठ! मोर्तादेल्ला नावाचं डुकराच्या मांसाचं भलंमोठं गुलाबी सॉसेज इथली शान. प्रत्येक दुकानात ते तोफेसारखं आडवं ठेवलेलं असतं. म्हटलं, सहा आठवडे मेतकूट-भातच.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी तयार होऊन निघाले तर सिन्योरा दारात आडव्या. मोबाइलवर उमटलं, ‘आज कारखाना नाही. आज पेत्रोनिओ.’ चार ऑक्टोबर म्हणजे बोलोन्याच्या ग्रामदैवताचा, संत पेत्रोनिओचा दिवस. सगळ्या गावाला सुट्टी. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी नूडल्सचं पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेले. सिन्योरांनी ते हातातून काढून घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत कपाटात ठेवून दिलं. मग बोट वर करून खूण केली, बस.

पुढचे दोन तास मी जे बघितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. टेबलावर मोठा लाकडी पाट. त्यावर मैद्याचा डोंगर, डोंगरात खड्डा आणि खड्ड्यात अंडी. पाणी नाही, तेल नाही. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, एवढाच हिशोब. माणशी एक अंडं धरायचं. मग तिंबणं, मग उंडा झाकून ठेवणं, आणि मग हाताएवढं लांब लाटणं. आपली पोळी लाटताना आपण लाटणं फिरवतो, त्या लाटण्यावर पोळी गुंडाळून पुढे-मागे करत होत्या. बघता बघता टेबलाच्या कडेवरून खाली लोंबेल एवढी पोळी झाली. सिन्योरांनी ती खिडकीसमोर धरली. इथली म्हण अशी, की पोळीतून डोंगरावरचं सान लुका देऊळ दिसलं पाहिजे. देऊळ काही मला दिसलं नाही, पण खिडकीचे गज दिसले.

त्या पोळीचे चौकोन कापून त्यात रिकोटा चीज आणि पार्स्ली भरली. हे तोर्तेल्लोनी. (लहान भाऊ तोर्तेल्लिनी, त्यात मांस असतं आणि तो सूपमध्ये पोहतो.) वरून वितळलेलं लोणी आणि सेजची पानं, बस्स. मी तीन वेळा वाढून घेतलं.

जेवताना सिन्योरांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. ‘नवरा गेल्यापासून चार वर्षं मी एका अंड्याची पोळी लाटते. एका अंड्याला हात वळत नाही.’

मी काय बोलणार? मोबाइलमध्ये टाइप केलं, ‘उद्यापासून दोन.’

सोन्याची पट्टी आणि आठ मिलिमीटर

त्या दिवसापासून माझं बोलोन्याशी सूत जुळलं. आणि जसजसं शहर कळत गेलं तसतसं मला वाटायला लागलं, अरे, हे तर पुणंच आहे!

आता बघा. पश्चिमेकडचं सगळ्यात जुनं विद्यापीठ इथलं, स्थापना १०८८ ची मानतात. म्हणून याचं दुसरं टोपणनाव ‘ला दोत्ता’, विदुषी. (तिसरं ‘ला रोस्सा’, लाल. विटांमुळे आणि डाव्या राजकारणामुळेही.) १७३२ साली लाउरा बास्सी नावाची बाई या विद्यापीठात पदवी घेऊन शिकवायला लागली, पगारी प्राध्यापक झाली. विषय कोणता, तर फिजिक्स! आमच्या शेडमध्ये मी एकटीच बाई होते, त्यामुळे लाउराबाईंची मला फार सोबत वाटायची. विद्यार्थी जिकडेतिकडे, सायकली जिकडेतिकडे. दुपारी बरीच दुकानं बंद, आणि तीही अगदी एकच्या ठोक्याला. मालक आत वामकुक्षी करत असणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आणि ‘आमचंच बरोबर’ हा स्वभाव तर काय विचारता! आपण ज्याला स्पॅगेटी बोलोनीज म्हणतो ते बोलोन्यात कुणी बनवत नाही. मांसाचा तो रस्सा, रागू, हा रुंद पट्ट्यांच्या ताल्यातेल्लेबरोबरच खायचा. १९८२ साली त्याची पाककृती इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही काढली. ताल्यातेल्लेची रुंदी किती असावी? शिजल्यावर आठ मिलिमीटर. त्यासाठी १९७२ साली सोन्याची एक पट्टी नमुना म्हणून जमा केली आहे. आणि ही आठ मिलिमीटर कुठून आली, तर आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग! मी हे कारखान्यातल्या माझ्या ट्रेनरकडून ऐकलं तेव्हा मोठ्याने हसले. तो अजिबात हसला नाही. म्हणाला, ‘तुझ्या मशीनमध्ये टॉलरन्स मोजतोस ना? मग?’ (त्याच्या इंग्रजीचं माझ्या मनात असंच मराठी व्हायचं, अगदी लिंगासकट गडबडलेलं.)

मंडईसुद्धा आहे. मोठ्या चौकाला, पियात्सा माज्जोरेला लागून ‘क्वाद्रिलातेरो’ म्हणून गल्ल्यांचं जाळं आहे. मासेवाले, भाजीवाले, चीजवाले, सगळे खेटून. बायका टोमॅटो दाबून बघतात आणि दुकानदार ओरडतो. तुळशीबागेतून मंडईकडे चालत गेल्यासारखं वाटतं. तिथेच एका चीजवाल्याने मला एक धक्का दिला. परमेसानचा तुकडा मागितला, बोलता बोलता ‘मी शाकाहारी’ म्हणून सांगितलं, तर त्याचा हात थांबला. म्हणाला, ‘मग तुला सांगायलाच हवं. हे दूध फाडायला वासराच्या पोटातलं विरजण लागतं.’ खरं तर गुपचूप विकू शकला असता. विकलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. आई म्हणाली, ‘अगं, आतापर्यंत पिझ्झ्यावर काय खात होतीस मग? ते तुझं तू ठरव.’ रात्रभर विचार करून मी खायचं ठरवलं. तुम्ही कदाचित नाही ठरवणार. पण त्या माणसाकडेच मी शेवटपर्यंत जात राहिले.

बासष्ट किलोमीटरची पडवी

बोलोन्यात छत्री लागत नाही. अतिशयोक्ती नाही! सगळ्या जुन्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कमानींच्या पडव्या आहेत, त्यांना पोर्तिको म्हणतात. सगळ्या मिळून भरतात तब्बल ६२ किलोमीटर. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

यामागची गोष्ट तर भन्नाट आहे. मध्ययुगात विद्यापीठामुळे गावात गर्दी वाढली, जागा पुरेना. मग लोकांनी काय केलं? वरचा मजला रस्त्यावर पुढे काढला आणि खाली लाकडी खांबांचा टेकू दिला. आपल्याकडे गॅलरी बंद करून खोली काढतात ना, तोच प्रकार! दुसरं एखादं गाव असतं तर नोटिसा आल्या असत्या. बोलोन्याने १२८८ मध्ये उलटा नियम केला: नवीन घर बांधायचं तर पडवी काढलीच पाहिजे, आणि ती घोडेस्वार जाईल एवढी उंच हवी. खाली जमीन घरमालकाची, पण वापर सगळ्यांचा. आजही तसंच आहे. पाऊस असो, ऊन असो, लोक पडवीत भेटतात, भांडतात, कॉफी पितात, मुलं सायकल शिकतात.

सगळ्यात लांब पडवी सान लुका देवळाकडे जाते. ६६६ कमानी, जवळपास चार किलोमीटर आणि त्यातला बराचसा चढ. एका रविवारी सकाळी मीही निघाले. वाटेत जॉगिंगवाली पोरं, हातात हात घालून चाललेल्या आज्या, नवस बोललेली एक बाई. वरच्या देवळातल्या माउलीची तसबीर दर वर्षी मे महिन्यात वाजतगाजत खाली गावात येते आणि आठवडाभर मुक्काम करून परत जाते. १४३३ साली पाऊस थांबेना, पिकं कुजायला लागली, तेव्हा तिला पहिल्यांदा खाली आणलं आणि पाऊस थांबला अशी श्रद्धा. आपल्याकडे पाऊस यावा म्हणून देवाला साकडं घालतात, यांच्याकडे जावा म्हणून. पण पालखी ती पालखीच. वर पोहोचल्यावर पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि डोळे कशामुळे भरून आले ते मला कळलं नाही. आईबाबांना एकदा इथे आणायला हवं असं वाटलं. मग आठवलं, बाबांशी मी निघाल्यापासून धड बोललेच नव्हते. फोन आईशीच व्हायचा. ‘बाबा काय करतायत?’ ‘बसलेत गॅलरीत.’ संपलं.

तुझे बाबा कुठलं काम बघतात?

आता खरी गोष्ट. माझी बस जिथून सुटायची तिथे रस्ता खणून ठेवला होता. बोलोन्यात १९६३ साली ट्राम बंद झाली होती, आता नवीन ट्रामचं काम २०२३ मध्येच सुरू झालं होतं. पत्र्यांचं कुंपण, जेसीबी, धूळ, सगळं घरच्यासारखं. आणि त्या कुंपणाला टेकून रोज सकाळी चार म्हातारे. टोपी, स्वेटर, हात पाठीमागे. एकजण खड्ड्यात वाकून बघायचा, बाकीचे माना हलवायचे. मधूनच आतल्या मजुराला काहीतरी सुनवायचे.

मी ट्रेनरला विचारलं, हे कोण? त्याचा चेहरा उजळला. ‘ते? ते उमारेल!’

उमारेल हा बोलोन्याच्या बोलीतला शब्द. अक्षरशः अर्थ ‘छोटा माणूस’. रिटायर झालेले, हात पाठीमागे बांधून बांधकामं बघणारे आणि न मागता सल्ले देणारे आजोबा म्हणजे उमारेल. दानिलो मासोत्ती नावाच्या इथल्याच एका लेखकाने २००० नंतरच्या दशकात त्यांच्यावर लिहिलं आणि शब्द इटलीभर गेला. पुढे तो इटालियन शब्दकोशातही आला. २०१८ साली तर बोलोन्याने एका छोट्या चौकाला उमारेलांचं नाव दिलं! टेबलावर ठेवायच्या प्लॅस्टिकच्या उमारेल बाहुल्या मिळतात. पोरं परीक्षेच्या वेळी ती बाहुली पुस्तकाशेजारी ठेवतात, म्हणजे आजोबा लक्ष ठेवून आहेत असं वाटतं.

‘लोक हसत नाहीत त्यांना?’ मी विचारलं.

‘हसतात की,’ ट्रेनर म्हणाला. ‘आपल्याच माणसाला हसतात तसं. मीसुद्धा तीस वर्षांनी तिथेच उभा असणार आहे.’

दुसऱ्या दिवशी बस उशिरा होती. मी कुंपणाशी गेले आणि मोबाइल पुढे करून विचारलं, काय चाललंय आत? बस्स, चौघेही एकदम सुरू झाले! त्यातले एक आजोबा पस्तीस वर्षं पॅकिंग मशीनच्या कारखान्यात फिटर होते. मी त्याच धंद्यातली म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरूनच ठेवला. लहानपणी बघितलेली जुनी ट्राम कुठून जायची ते दाखवलं. नवीन पाइप चुकीच्या उंचीवर टाकलाय हे पटवून दिलं. मग त्यांनी विचारलं, ‘तुझे बाबा काय करतात?’

‘रिटायर झालेत.’

‘अच्छा. मग कुठलं काम बघतात?’

काही करतात का, वेळ कसा जातो, असलं काही नाही. रिटायर झालेला माणूस कुठलं तरी काम बघत असणारच, प्रश्न फक्त कुठलं एवढाच. माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी म्हटलं, ‘मेट्रो. वर मेट्रो आणि तिच्याखाली गाड्यांचा पूल. दुमजली.’

‘दुमजली!’ आजोबांनी बाकीच्यांना हाक मारली. ‘फोटो आहे?’

होता. एकच होता. तोच, ग्रुपवर आलेला. खालची ओळ कापून मी तो दाखवला. चार डोकी मोबाइलवर वाकली. आधी क्रेनची चर्चा झाली, मग खांबाच्या जाडीची. मग फिटर आजोबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बाबांचे पाठीमागे बांधलेले हात बघितले. डावा हात उजव्या मनगटाला धरलेला. ते म्हणाले, ‘बरोबर उभे आहेत.’ आणि मग, ‘आता काम कुठवर आलंय?’

मला माहीत नव्हतं.

त्या रात्री मी आईला म्हटलं, बाबांना फोन दे. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण बाबा जागेच होते.

‘बाबा, विद्यापीठ चौकातलं काम कुठवर आलंय?’

‘मला काय माहीत? मी जात नाही हल्ली.’

‘मग जा की. इथले लोक विचारतायत.’

‘कोण लोक?’

मी सगळं सांगितलं. फोटोचंसुद्धा सांगितलं, ग्रुपचं, स्मायलीचं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं कट झाला. मग बाबा म्हणाले, ‘त्यांच्या ट्रामचा रूळ किती रुंदीचा आहे, विचारून ठेव.’

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये मोबाइल वाजायला लागला. एकामागोमाग एक, चौदा फोटो!

मनोरा आणि करंज्या

ऑक्टोबरच्या शेवटी बोलोन्यात खळबळ माजली. गावाच्या मधोमध दोन जुने मनोरे आहेत. उंच तो आसिनेल्ली, ९७ मीटर. ४९८ पायऱ्या, आणि पदवी मिळण्याआधी वर चढलं तर पदवी मिळतच नाही असा विद्यार्थ्यांचा समज. शेजारचा ठेंगणा गारिसेंदा, ४८ मीटर आणि चांगलाच कललेला. त्याची हालचाल वाढलीय असं मोजमापात दिसलं आणि त्याच्याभोवतीचा रस्ता बंद केला. सिन्योरा खिडकीत उभं राहून क्रॉस करत होत्या. उमारेलांनी मात्र ट्रामचं काम तात्पुरतं सोडलं आणि मोर्चा मनोऱ्याकडे वळवला. मी फोटो काढून बाबांना पाठवला. उत्तर आलं, ‘पायापासून बघायला पाहिजे.’ भाषांतर करून आजोबांना दाखवलं. त्यांनी मान डोलावली. हेच तर ते सकाळपासून सांगत होते!

स्टेशनबाहेरच्या घड्याळाची गोष्टही त्यांनीच मला सांगितली. एके दिवशी आम्ही तिथून जात होतो. घड्याळात दहा पंचवीस झाले होते आणि माझ्या घड्याळात पाच. मी म्हटलं, बंद पडलंय. आजोबा थांबले. दोन ऑगस्ट १९८० ला सकाळी दहा पंचवीसला या स्टेशनात बॉम्ब फुटला. ८५ माणसं गेली. ३७ नंबरच्या सिटी बसच्या खिडक्यांना चादरी लावून तिच्यातून मृतदेह नेले. घड्याळ मुद्दाम त्याच वेळेवर ठेवलंय. मला २०१० ची जर्मन बेकरी आठवली, त्या रात्री घरोघरी वाजणारे फोन आठवले. आम्ही दोघंही काही न बोलता तिथे मिनिटभर उभे राहिलो. हात पाठीमागे. माझेसुद्धा.

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं आणि तो माझा बोलोन्यातला शेवटचा रविवार. सिन्योरांना सांगितलं, आज पोळी तुम्ही लाटा, सारण माझं. सुकं खोबरं, साखर, बेदाणे आणि वेलची, वेलची आईने बॅगेत घातलेली. पारी त्यांनी अशी लाटली की आई व्हिडिओ कॉलवर ‘अगो बाई!’ म्हणाली. कडा कापायला मी सुरी शोधत होते, तर सिन्योरांनी ड्रॉवरमधून पितळी चाकाची दातेरी फिरकी काढली. कातणं! अगदी आपल्या घरातलं कातणं. आई तिकडून तिचं दाखवतेय, सिन्योरा इकडून त्यांचं. भाषांतराची गरज पडली नाही.

तळलेल्या करंज्यांचा डबा घेऊन मी सोमवारी सकाळी कुंपणापाशी गेले. चौघांनी एकेक उचलली. फिटर आजोबा खाऊन म्हणाले, ‘तोर्तेल्लोनी गोड करायचे नसतात.’ आणि दुसरी उचलली.

मशीन पास झालं, पुण्याला आलं, नीट चाललंय. सिन्योरा दर रविवारी फोटो पाठवतात. शेजारच्या बिऱ्हाडात एक विद्यार्थिनी राहायला आलीय, पाटावर दोन अंडी असतात. आणि बाबा? सकाळी नवाची बस. परवा ऑफिसला जाताना सिग्नलला थांबले, तर ते आणि आणखी दोन आजोबा पत्र्याला टेकून उभे होते. मी गाडी बाजूला लावली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

‘उशीर नाही का होत तुला?’ बाबा म्हणाले.

‘होतोय. काय चाललंय आत?’

जायचंच असेल तर...

केव्हा? एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये उकाडा आणि निम्मं गाव सुट्टीवर.

कसं? फ्लॉरेन्सहून वेगवान ट्रेनने साधारण पाऊण तास. एका दिवसात उरकू नका, दोन रात्री तरी राहाच.

काय खाल? मांसाहारी असाल तर ताल्यातेल्ले अल रागू, तोर्तेल्लिनी इन ब्रोदो आणि मोर्तादेल्ला. अंडं चालत असेल तर लोणी आणि सेजमधले तोर्तेल्लोनी. चीजमधलं विरजण चालत नसेल तर आधीच विचारून घ्या. जेलातो सगळ्यांनी!

काय बघाल? पियात्सा माज्जोरे, जुन्या विद्यापीठातलं लाकडी शरीरशास्त्र-दालन, पिएल्ला गल्लीतल्या छोट्या खिडकीतून दिसणारा कालवा. पालात्सो देल पोदेस्ताच्या कमानीखाली एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजा, समोरच्या कोपऱ्यातल्याला स्पष्ट ऐकू जातं. प्रपोज करायला झकास जागा!

कुठे बसाल? ‘ओस्तेरिया देल सोले’, १४६५ पासूनची. तिथे फक्त पेय मिळतं, खाणं आपलं आपण न्यायचं. डबेवाल्या शहरातून आलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं?

एक सूचना: बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो जास्त लागतात. फसवणूक नाही, रीत आहे. आणि जेवणानंतर कापुचिनो मागू नका. वेटर देईल, पण तुमच्याकडे असं बघेल, की जणू तुम्ही श्रीखंडावर सॉस मागितलाय.